बत्तीस लाखांना विचारलेला प्रश्न

दोन माणसांनी एकमेकांशी लग्न करावे की नाही, हे ठरवण्यासाठी आयर्लंडने २०१५ साली सगळ्या देशाला मतदान केंद्रावर बोलावले. मतदारयादीत सुमारे ३२ लाख नावे होती. २२ मे, शुक्रवार. प्रश्न एवढाच होता, की राज्यघटनेत एक वाक्य नव्याने घालावे का? वाक्याचा आशय असा, की कोणत्याही दोन व्यक्तींना, त्यांचे लिंग काहीही असो, कायद्यानुसार विवाह करता येईल. नेदरलँड्समध्ये हा हक्क २००१ साली संसदेच्या कायद्याने लागू झाला होता, दक्षिण आफ्रिकेत न्यायालयाने सरकारला तो द्यायला लावला होता. पण देशभरच्या सार्वमताने तो मंजूर झाल्याचे उदाहरण तोवर जगात नव्हते.

लोकांना का विचारले, याचे उत्तर आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेत आहे. तिचे ४१ वे कलम कुटुंबाबद्दल आहे. कुटुंब ज्यावर उभे असते त्या विवाहसंस्थेचे राज्यसंस्था विशेष काळजीने रक्षण करील, असे वचन त्यात आहे. त्या विवाहात एक पुरुष आणि एक स्त्री असते असे कुठे लिहिलेले नव्हते, पण ते सगळ्यांनी गृहीत धरले होते. नुसता कायदा केला तर तो न्यायालयात टिकेल का, याची सरकारला खात्री वाटेना. आणि आपल्याकडे संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताने घटनादुरुस्ती होते तशी तिथे होत नाही. घटनेतला स्वल्पविराम हलवायचा झाला तरी जनतेचा कौल घ्यावा लागतो.

या सार्वमताचा निकाल मला आपल्या काळातल्या सर्वांत आशादायी घटनांपैकी एक वाटतो. आणि तरीही, मूठभरांच्या घरसंसाराचा निर्णय बहुसंख्यांच्या मतपेटीत टाकावा लागणे हा अन्याय होता, असेच माझे मत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे आयर्लंडमधले कायदे १८६१ आणि १८८५ चे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातले. आपल्या जुन्या भारतीय दंडसंहितेचे ३७७ कलम १८६० चे. राज्यकर्ता एक, दृष्टीही एक. डब्लिनमध्ये जन्मलेल्या ऑस्कर वाइल्डला १८९५ मध्ये लंडनच्या न्यायालयाने शिक्षा केली ती १८८५ च्या कायद्याखाली. १९२२ मध्ये आयर्लंड स्वतंत्र झाले, इंग्रजांची टपालपेटी लाल होती ती हिरवी रंगवली गेली, पण हे कायदे तसेच राहिले. उलट नव्या राष्ट्राने स्वतःची ओळखच कॅथलिक धर्मातून घडवली. शाळा, इस्पितळे, अनाथालये चर्चच्या हातात गेली आणि बिशपांच्या मनाविरुद्ध जायला मंत्री बिचकू लागले.

ट्रिनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवणारे डेव्हिड नॉरिस हे जेम्स जॉइसचे अभ्यासक. सत्तरच्या दशकात त्यांनी या कायद्यांविरुद्ध चळवळ उभी केली. त्या चळवळीच्या कायदेविषयक सल्लागार होत्या तरुण प्राध्यापिका मेरी मॅकअलीस, आणि नॉरिस यांचा खटला न्यायालयात लढवला मेरी रॉबिन्सन यांनी. या दोघीही पुढे आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, एकीमागून एक. पण १९८३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी नॉरिस यांचा दावा फेटाळला. बहुमताच्या निकालाने आयर्लंडच्या ख्रिस्ती स्वरूपाचा आधार घेतला होता.

त्याच वसंतात डब्लिनच्या फेअरव्ह्यू पार्कमधल्या खुनाचे प्रकरण गाजत होते. सप्टेंबर १९८२ मध्ये डेक्लन फ्लिन नावाच्या तिशीतल्या माणसाला पाच पोरांनी त्या बागेत मारमार मारले. समलिंगी पुरुषांना हुसकावून लावायचे म्हणून ती टोळी तिथे दबा धरून बसत असे. फ्लिनचा जीव गेला. मार्च १९८३ मध्ये त्या पाचांना शिक्षा झाल्या, पण त्या स्थगित ठेवल्या गेल्या आणि सगळे घरी गेले. त्यानंतर काही दिवसांत शेकडो लोकांनी शहराच्या मध्यभागातून फेअरव्ह्यू पार्कपर्यंत मोर्चा काढला. आयर्लंडमधली समलिंगी हक्कांची चळवळ रस्त्यावर आली ती अशी, एका मृत्यूच्या मागे चालत. २०१५ चा जल्लोष पाहताना हा मोर्चा विसरता कामा नये. ज्यांच्या जिवाची किंमत न्यायालयात इतकी कमी ठरली होती, त्यांनाच पुढे ३२ वर्षांनी अनोळखी माणसांची दारे ठोठावायला जावे लागले.

नॉरिस युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये जिंकले. सरकारने तरी पाच वर्षे काढली. १९९३ मध्ये न्यायमंत्री मोरा गेगन-क्विन यांनी विधेयक आणले, ते मंजूर झाले, आणि कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केली मेरी रॉबिन्सन यांनी. दहा वर्षांपूर्वी ज्या खटल्यात त्या वकील म्हणून हरल्या होत्या, त्याचा शेवट त्यांच्याच लेखणीने झाला.

गुन्हा संपला, तरी लग्न दूरच होते. लक्षात घ्या, हा देश घटस्फोटालासुद्धा १९९५ पर्यंत तयार नव्हता. १९८६ च्या सार्वमतात घटस्फोट फेटाळला गेला आणि १९९५ मध्ये मंजूर झाला तो सोळा लाखांहून अधिक मतांमध्ये अवघ्या ९,११४ मतांच्या फरकाने. विवाह या विषयाला हात लावायला राजकारणी का घाबरत, ते या आकड्यात दिसते.

वाट काढली ती एका जोडप्याने. कॅथरीन झॅपोन आणि अ‍ॅन लुईस गिलिगन या दोघी विदुषी, डब्लिनच्या एका गरीब वस्तीत स्त्रियांसाठी शिक्षणकेंद्र चालवणाऱ्या. २००३ मध्ये त्यांनी कॅनडात व्हँकूव्हरला जाऊन लग्न केले आणि परत येऊन आयर्लंडच्या करखात्याला विचारले, की आम्हाला विवाहित जोडपे म्हणून कर भरता येईल का? खात्याने नकार दिला. त्या उच्च न्यायालयात गेल्या, डिसेंबर २००६ मध्ये हरल्या. पण मागणीला चेहरा आणि नाव मिळाले. कर भरू द्या, असे म्हणणाऱ्या दोन प्रौढ स्त्रियांना समाजाच्या शत्रू ठरवणे कोणालाच सोपे नव्हते.

२०१० मध्ये संसदेने ‘नागरी भागीदारी’चा कायदा केला. वारसा, कर, निवृत्तिवेतन असे पुष्कळ काही मिळाले. मात्र ते लग्न नव्हते, आणि मुलांच्या बाबतीत कायदा जवळजवळ मुका होता. या विधेयकावरच्या चर्चेत विरोधी बाकांवरचा एक तरुण खासदार म्हणाला होता, की प्रत्येक मुलाला आई आणि वडील असण्याचा हक्क आहे आणि शक्य तितके राज्याने त्याचे रक्षण करावे. त्याचे नाव लिओ वराडकर. पाच वर्षांनी हेच म्हणणे विरोधी बाजूच्या फलकांवर झळकणार होते, आणि तेव्हा वराडकर दुसऱ्या बाजूला उभे असणार होते.

मराठी वाचकाला या आडनावाची ओळख सांगायला नको. मालवण तालुक्यातले वराड हे त्यांच्या वडिलांचे गाव. डॉक्टर अशोक वराडकर साठच्या दशकात इंग्लंडला गेले, तिथे मिरियम या आयरिश परिचारिकेशी त्यांचे लग्न झाले आणि पुढे हे कुटुंब डब्लिनला स्थायिक झाले. लिओही डॉक्टर झाले, शिक्षणाच्या काळात त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातही काही काळ काम केले. नंतर राजकारणात आले आणि २०१४ मध्ये आरोग्यमंत्री झाले.

इकडे एक वेगळाच प्रयोग घडला होता. घटनेतल्या काही प्रश्नांवर विचार करायला सरकारने शंभर जणांची परिषद नेमली. त्यात ६६ सामान्य नागरिक होते, मतदारयादीतून निवडलेले, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. शनिवार-रविवारी ते हॉटेलात जमत, गोल टेबलांभोवती बसत, तज्ज्ञांचे ऐकत, मग आपसात बोलत. एप्रिल २०१३ मध्ये विवाहाचा विषय निघाला. दोन्ही बाजूंची भाषणे झाली; समलिंगी पालकांनी वाढवलेली मोठी मुलेही आपले म्हणणे मांडून गेली. मतदान झाले तेव्हा ७९ टक्के सदस्य घटनादुरुस्तीच्या बाजूने होते. पंतप्रधान एंडा केनी यांचा पिंड परंपरावादी, या विषयावर ते बरीच वर्षे गप्प होते. उपपंतप्रधान एमन गिलमोर मात्र हा आपल्या पिढीचा नागरी हक्कांचा प्रश्न आहे असे आधीपासून म्हणत होते. परिषदेचा कौल आल्यावर सरकारला पळवाट उरली नाही.

मग एक रात्र आली, तिच्याबद्दल सविस्तर सांगायला हवे. जानेवारी २०१४ मध्ये रोरी ओ’नील या कलावंताने दूरचित्रवाणीवरच्या गप्पांमध्ये काही स्तंभलेखकांना आणि आयोना इन्स्टिट्यूट या कॅथलिक विचारगटाला समलिंगीद्वेषी म्हटले. त्यांनी वकिलांकरवी पत्रे पाठवली. सरकारी दूरचित्रवाणीने कार्यक्रम काढून घेतला, माफी मागितली आणि ८५ हजार युरो भरपाई दिली. देशभर वाद पेटला. द्वेष कशाला म्हणायचे, हेही ज्यांच्या वाट्याला तो येतो त्यांनी ठरवायचे नाही का, असे लोक विचारू लागले.

१ फेब्रुवारीला डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये १९१३ च्या टाळेबंदीतल्या कामगार लढ्यावरच्या नाटकाचा प्रयोग होता. प्रयोगानंतर रोज एका पाहुण्याने मंचावर येऊन काहीतरी सादर करावे अशी प्रथा त्या नाटकापुरती ठेवली होती. त्या रात्री ओ’नील आले ते आपल्या प्रसिद्ध स्त्रीवेशात, पँटी ब्लिस म्हणून. सोनेरी केसांचा टोप, उंच टाचा, आणि मागे कामगारांच्या वेशात ओळीने उभे असलेले नट. जेमतेम दहा मिनिटे बोलले, ते असे. रस्ता ओलांडायला उभे असताना शेजारून गाडी जाते, आतली पोरे दुधाचे खोके फेकून शिवी हासडतात. इजा होत नाही. पण मग आपण स्वतःलाच तपासू लागतो: उभे राहण्यात, कपड्यांत, हातवाऱ्यांत असे काय होते, ज्यावरून त्यांना कळले? संध्याकाळी घरी यावे, टीव्ही लावावा, तर तिथे भली, सभ्य माणसे बसून शांतपणे चर्चा करत असतात, की तुम्ही कसले माणूस आहात, तुम्ही चांगले पालक व्हाल का, तुम्हाला किती हक्क द्यावेत. स्वतःला सतत तपासण्याचा आपल्याला राग येतो, असे ते म्हणाले. या भाषणाची चित्रफीत काही दिवसांत लाखो लोकांनी पाहिली.

सार्वमताच्या वादाबद्दल मी जे काही वाचले, ऐकले, त्यात या भाषणाइतके खरे दुसरे काही नाही. आपल्याबद्दलची चर्चा आपल्यासमोर चालू असताना शांत बसून राहावे लागणे काय असते, हे त्या दहा मिनिटांत कळते.

१८ जानेवारी २०१५ ला वराडकरांचा छत्तिसावा वाढदिवस होता. रविवारी सकाळी रेडिओवरच्या मुलाखतीत त्यांनी सांगितले, की आपण समलिंगी आहोत. आयर्लंडच्या मंत्रिमंडळातल्या कोणीही याआधी असे सांगितले नव्हते. आपण ‘अर्धे भारतीय राजकारणी’ नाही, ‘डॉक्टर राजकारणी’ नाही आणि ‘समलिंगी राजकारणी’ही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सार्वमत येत असताना आपला यात वैयक्तिक संबंध नाही असे लोकांना वाटू नये, म्हणून ते बोलले. पाच वर्षांपूर्वीच्या मतापासून ते इथवर आले, याचा मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. देशातली पुष्कळ माणसे याच वाटेने चालली होती.

प्रचार सुरू झाला. सगळे प्रमुख पक्ष दुरुस्तीच्या बाजूने होते, तरी पक्षांनी मागे राहायचे असे ठरले. ‘येस इक्वॅलिटी’ या संयुक्त मोहिमेने कार्यकर्त्यांना बजावले होते, की वाद घालू नका, कोणाला प्रतिगामी म्हणू नका, स्वतःची गोष्ट सांगा. मी ‘हो’ म्हणून मत देणार आहे, का ते मला विचारा, अशा धर्तीवर सगळी मोहीम बेतली होती. रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर टोळ्या निघत. दार उघडले, की आपले नाव सांगायचे, आणि मग एखाद्या आजोबांना सांगायचे, की मी समलिंगी आहे, मला माझ्या जोडीदाराशी लग्न करायचे आहे, तुमचे मत हवे आहे. कोणी चहाला बोलवे, कोणी दार लावून घेई. आईवडिलांपाशी जे बोलायला वर्षे लागली, ते परक्या माणसासमोर एका संध्याकाळी वीस वेळा बोलायचे. हा प्रचार यशस्वी झाला म्हणून आज त्याचे धडे जगभर दिले जातात. दिलेच पाहिजेत. पण ती दारे ठोठावणाऱ्यांनी काय मोजले, हे त्या धड्यांत क्वचितच येते.

विरोधी बाजू लहान होती, पण तिचे फलक डोळ्यांत भरणारे होते. तान्हे बाळ आणि दोन्ही बाजूंनी त्याचे मुके घेणारे आईबाप असे चित्र, आणि मुलांना आई आणि वडील दोघेही मिळाले पाहिजेत असा मजकूर. आयोना इन्स्टिट्यूटचे डेव्हिड क्विन आणि त्यांचे सहकारी वाद लग्नावरून मुलांवर नेत होते: सरोगसी, दत्तक, नैसर्गिक आईबापांचा हक्क. त्यांच्यातल्या पुष्कळांची काळजी प्रामाणिक होती, हे मी मानतो. समलिंगी असून विरोधात बोलणारेही एकदोघे होते. पण दत्तकाचा प्रश्न सार्वमताआधीच वेगळ्या कायद्याने सुटला होता, आणि सरोगसीचा या दुरुस्तीशी संबंध नाही असे सार्वमत आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती केव्हिन क्रॉस यांनी जाहीरपणे सांगितले. त्या फलकांचा घाव लागला तो भलतीकडेच. एकट्या आईने वाढवलेली मुले, विधुर बाप, नातवंडे सांभाळणारे आजीआजोबा रोज त्या फलकांखालून जात होते.

चर्चची ताकद तोवर ओसरली होती. २००९ च्या दोन सरकारी अहवालांनी धर्मसंस्थांमधले मुलांचे लैंगिक शोषण आणि त्यावर घातलेले पांघरूण उघड केले होते. अविवाहित माता आणि अशाच ‘घसरलेल्या’ म्हणून हिणवलेल्या स्त्रियांना धर्मसंस्थांच्या धोबीखान्यांत राबवले गेले, त्याबद्दल सरकारने २०१३ मध्ये माफी मागितली होती. त्यामुळे कुटुंब आणि मुले यांच्याविषयी बिशप बोलू लागले, की लोकांना दुसरेच काही आठवे. तरी श्रद्धा संपली नव्हती, आणि ‘हो’च्या बाजूचे सर्वांत वजनदार आवाज श्रद्धाळूंचेच निघाले. मेरी मॅकअलीस निष्ठावान कॅथलिक. आपला मुलगा समलिंगी आहे आणि वाढत्या वयात त्याने काय सोसले, हे त्यांनी लोकांसमोर सांगितले. मुलांचाच प्रश्न असेल तर समलिंगी मुलेही मुलेच आहेत, हा त्यांचा मुद्दा कोणाला खोडता आला नाही.

मतदानाला आठवडा उरला असताना टीव्हीवरच्या राजकीय संपादक ऊर्सुला हॅलिगन यांनी ‘आयरिश टाइम्स’मध्ये लेख लिहिला. वय ५४. शाळेत असताना एका मैत्रिणीवर प्रेम बसले, आपण कॅथलिक मुलगी, हे आपल्या बाबतीत घडूच कसे शकते म्हणून ते गाडून टाकले, आणि त्यानंतरची सगळी वर्षे कामात बुडवून घेतली. डायरीत लिहिलेले कोणाला दाखवले नाही. आता आईही हयात नव्हती. आपल्या वाट्याला आले ते पुढच्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, एवढे त्यांचे म्हणणे होते. घरोघरी वयस्क स्त्रियांनी तो लेख वाचला.

परदेशात गेलेल्या आयरिश माणसाला टपालाने मत देता येत नाही. देश सोडून १८ महिने व्हायच्या आत तो परत आला तरच मत. २००८ च्या मंदीनंतर तरुण पिढी मोठ्या संख्येने बाहेर पडली होती. मतदानाच्या आदल्या दिवसापासून ती परत येऊ लागली. गणपतीला चाकरमानी कोकणात उतरावेत तशी लंडनहून, वेल्सच्या बंदरावरून, टोरँटो, सिडनीहून पोरे उतरत होती. बोटीच्या डेकवर झेंडे, विमानतळावर आयाबाया वाट पाहत उभ्या. त्याआधी सुमारे ६६ हजार नवी नावे पुरवणी मतदारयादीत चढली होती.

शनिवारी सकाळी मतपेट्या उघडल्या आणि तासाभरातच कल कळला. निकाल जाहीर व्हायचा होता डब्लिन कॅसलमध्ये. १९२२ पर्यंत इंग्रजांचा कारभार याच वास्तूतून चाले. फरसबंद अंगणात हजारो लोक दाटले होते. ‘हो’ १२,०१,६०७. ‘नाही’ ७,३४,३००. बासष्ट टक्क्यांहून थोडे अधिक. ४३ मतदारसंघांपैकी ४२ बाजूने. फक्त रॉसकॉमन–साउथ लिट्रिम विरोधात, तोही थोडक्या मतांनी. डोनेगलचा नैर्ऋत्य भाग पूर्वीच्या सार्वमतांत नेहमी परंपरेच्या बाजूने राहिलेला, तिथे ‘हो’ने ३३ मतांनी बाजी मारली. कामगार वस्त्यांमधून भरघोस ‘हो’ आला, ज्याला बातमीदार शिकलेल्यांचा विषय म्हणत होते त्या विषयाला. झॅपोन तेव्हा सेनेटर होत्या. त्यांनी कॅमेऱ्यांसमोरच गिलिगन यांना लग्नाची मागणी घातली, या वेळी आयर्लंडच्या कायद्याने.

डब्लिनचे आर्चबिशप डीअर्मिड मार्टिन यांनी स्वतः विरोधात मत दिले होते. ही सामाजिक क्रांती आहे आणि चर्चने वास्तवाकडे डोळे उघडून पाहायला हवे, असे ते म्हणाले. व्हॅटिकनचे कार्डिनल पारोलिन यांना मात्र हा मानवतेचा पराभव वाटला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या सार्वमतात राष्ट्राध्यक्षपदाची वयोमर्यादा ३५ वरून २१ वर आणायला ७३ टक्के लोकांनी नकार दिला. बदल आला की डोळे मिटून हो म्हणणारा हा मतदार नव्हता. एक प्रश्न त्याला पटला, दुसरा पटला नाही.

१६ नोव्हेंबरला कायदा अमलात आला, झॅपोन आणि गिलिगन यांचे व्हँकूव्हरचे लग्न बारा वर्षांनी मायदेशात ग्राह्य ठरले, आणि दुसऱ्या दिवशी टिपरेरी परगण्यातल्या क्लॉनमेल गावी नव्या कायद्याखालचे पहिले लग्न लागले. जून २०१७ मध्ये गिलिगन वारल्या. त्याच महिन्यात वराडकर पंतप्रधान झाले.

पंतप्रधान म्हणून वराडकर १९ जून २०१८ रोजी संसदेत उभे राहिले. १९९३ पूर्वी समलिंगी संबंधांबद्दल ज्यांना शिक्षा झाल्या, ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, जे तोंड लपवून देश सोडून गेले, त्या सगळ्यांची त्यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली. नॉरिस तेव्हाही सेनेटमध्ये होते. त्या शिक्षा सरकारी नोंदींतून कशा काढाव्यात हे ठरवण्यासाठी पुढे एक कार्यगट नेमला गेला. त्याचा अंतिम अहवाल २०२३ मध्ये आला.